एक तुकडा, तीन शिक्षक: खेड्यातला कलावर्ग चालवण्याची रीत

गावात गाणं, नाच आणि भाषेचा वर्ग काढायचा ठरलं की पहिली चूक वेळापत्रकातच होते. सोमवारी गाणं, बुधवारी नाच, शुक्रवारी भाषा. तीन शिक्षक, तीन वह्या आणि वर्षाअखेरीला तीन वेगळे कार्यक्रम. विदर्भातल्या खेड्यात आठवड्याच्या तीन-तीन संध्याकाळी कोणाचंच लेकरू मोकळं नसतं. कापूस घरात आला की सरकी-कापसाच्या ढिगाशेजारी धाकट्याला सांभाळायला कोणीतरी लागतं, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे दहा वर्षांची पोरगी. मग ज्याचा वार अडचणीचा तो विषय गळतो. बहुतेक ठिकाणी भाषाच गळते, कारण तिच्यात ढोलकही नाही आणि घुंगरूही नाही.

इथं सांगितलेली रीत वेगळी आहे. तिघा शिक्षकांनी मिळून महिन्याला एकच छोटा तुकडा घ्यायचा, चार ओळींचा. गाण्याचा शिक्षक त्याची चाल शिकवतो, नाचाचा शिक्षक त्याच मात्रांवर पावलं बसवतो आणि भाषेचा शिक्षक त्याच शब्दांवर काम करतो. पुढचा सगळा हिशेब २४ मुलं, वय ९ ते १४, आठवड्यातून दोन दिवस आणि दर वेळी दीड तास असा धरला आहे. मुलं कमी असली तर उत्तम, जास्त असली तर दुसरी तुकडी करा. चाळीस पोरांच्या घोळक्यात कोणाचा सूर लागला आणि कोणाचा नाही, हे कानाला कळत नाही.

हंगाम आधी, वार मग

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. वर्ग जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू करावा. त्याआधी सुरू केला तर निम्मी मुलं अजून मामाच्या गावाहून परतलेली नसतात आणि पहिले चार तास दर वेळी नव्यानं घ्यावे लागतात. जुलैपासून पोळ्यापर्यंत, म्हणजे श्रावण अमावास्येपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे मिळतात. पहिल्या तुकड्याला तेवढे पुरतात. पोळ्यानंतर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजे मुलींचा गाण्यांचा सण असतो. त्या महिन्यात वेगळा वर्ग मांडू नका. भुलाबाई जिथं बसते तिथं शिक्षकानंच जावं, कारण मुली रोज संध्याकाळी तिथं गातच असतात. त्यांना उठवून हॉलमध्ये आणायचं आणि गाणं शिकवायचं यात अर्थ नाही.

सोयाबीनचा पट्टा असेल तर सोयाबीन काढणीपासून दिवाळीपर्यंत सरळ सुट्टी द्या. “सोयाबीन काढाचं हाय, पोरगी नाही येत आज” हे रोज ऐकून हजेरीपटावर लाल रेघा ओढण्यापेक्षा ते बरं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या भागात ताण दोनदा येतो, एकदा पावसाळ्यात रोवणीला आणि पुन्हा दिवाळीच्या आगेमागे कापणीला. शिवाय झाडीपट्टीत, म्हणजे याच पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. नाटक रात्रभर चालतं, अख्खं गाव बसतं आणि पोरंही बसतात. आजूबाजूच्या पाच गावांच्या नाटकांच्या तारखा आधी विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी वर्ग ठेवू नका. मेळघाटात आणि काही तालुक्यांत कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात. त्या मुलांचं नाव पटावरून काढू नका, परत आली की त्याच गटात घ्या. एक महिन्याचा तुकडा स्वतंत्र असतो, त्यामुळे मधे आलेलं मूल मागं पडत नाही. एकाच मोठ्या कार्यक्रमाची वर्षभर तयारी करणाऱ्या वर्गात हे जमत नाही.

सर्वांत चांगला काळ दिवाळी ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये एकतर बंद ठेवा, नाहीतर सकाळी ७ ते ८.३०. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या भागात संध्याकाळी पाच वाजताही सिमेंटची फरशी तापलेलीच असते.

वार आणि वेळ शेवटच्या एसटीवर ठरवा. तालुक्याहून येणाऱ्या शिक्षकाची परतीची गाडी ६.३० ची असेल तर वर्ग ४.३० ते ६. “सर राहतील मुक्कामी” या भरवशावर ठरवलेला वर्ग तीन आठवडे टिकतो.

शिक्षक कोण

खेड्यात गाण्याचे शिक्षक दोन प्रकारचे मिळतात. एक भजनी मंडळातला पेटीवाला. त्याला शेकडो चाली तोंडपाठ असतात, काकड आरतीला पहाटे पेटी धरतो, पण ‘हा कोणता सूर’ विचारलं तर बोट दाखवतो, नाव सांगत नाही. दुसरा तालुक्यातला विशारद, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेला. त्याला स्वरलिपी येते, अलंकार येतात, पण गावची चाल त्याला कच्ची वाटते आणि तो पहिल्याच दिवशी ती ‘सुधारायला’ घेतो. दोघांपैकी एकच घ्यायचा असेल तर पेटीवाला घ्या आणि विशारदाला महिन्यातून एकदा बोलवा. उलट केलं तर विशारद येणार नाही त्या दिवशी वर्ग बंद राहतो.

नेमण्याआधी प्रत्येकाला सहा मुलांसमोर २० मिनिटं द्या. तो स्वतः किती छान गातो किंवा नाचतो हे बघू नका. मुलानं चूक केल्यावर तो काय करतो हे बघा. पुन्हा स्वतःच गाऊन दाखवणारे पुष्कळ असतात. चुकलेली जागा नेमकी काढून तेवढीच तीनदा घेणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

मानधन तासाला ठरवा, जाण्या-येण्याचं भाडं वेगळं द्या आणि पैसे महिन्याच्या ठरल्या तारखेला हातात पडतील असं बघा. ‘गावासाठी करा’ म्हणून घेतलेला शिक्षक लग्नसराईत बँडबरोबर निघून जातो, आणि त्यात त्याची चूक नसते.

जागा आणि सामान

समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा हॉल किंवा जिल्हा परिषद शाळेची खोली, यांतली जी जागा गावातल्या सगळ्या वस्त्यांना आपली वाटते ती घ्या. देवळाचा सभामंडप सोयीचा असतो, पंखेही असतात, पण तिथं वर्ग ठेवला की काही घरची मुलं पहिल्या दिवसापासून येत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. विहारात ठेवला तर दुसऱ्या काही घरची येत नाहीत. शाळेची खोली सगळ्यात निर्धोक.

नाचासाठी १२ मुलांचं रिंगण बसलं पाहिजे. मधोमध खिळा किंवा एखादं पोर उभं करून ७ फुटांची दोरी फिरवा आणि खडूनं वर्तुळ आखा. परीघ साधारण ४४ फूट होतो, म्हणजे प्रत्येकाला साडेतीन फुटांपेक्षा थोडी जास्त जागा. भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून खोलीत १७-१८ फूट मोकळे हवेत. नसतील तर नाच अंगणात. शेणानं सारवलेली जमीन पायाला सिमेंटपेक्षा कितीतरी बरी, फक्त सारवण पूर्ण वाळलेलं असावं. सिमेंटवर रोज पाय आपटले की टाचा आणि नडग्या दुखायला लागतात, पोर कुरकुरत नाही पण पाऊल हळू टाकायला लागतं. फरशीवर सतरंजी टाकायचा मोह होतो. टाकू नका, ती सरकते आणि पहिल्याच गिरकीत कोणीतरी पडतं.

सामान मोजकं: एक पेटी, एक ढोलक, दोन खंजिऱ्या, चार जोड टाळ, एक फळा. तानपुऱ्यासाठी मोबाइलवरचं फुकट ॲप आणि एक छोटा स्पीकर पुरतो. तबला पहिल्या वर्षी घेऊ नका. तो उतरला की हातोडीनं गट्टे ठोकून चढवावा लागतो, आणि वर्गात ते येणारा माणूस रोज नसतो. ढोलक दोरीच्या कड्या सरकवून चढतो, ते चौथीतलं पोरही शिकतं. खंजिरी तर विदर्भाच्या हातातलंच वाद्य, तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे गावोगाव कोणाला ना कोणाला वाजवता येतं.

पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडून ‘भद्द’ वाजतं. ते चुलीच्या आचेपासून हातभर लांब धरून, सारखं फिरवत, एक-दोन मिनिटं शेकवायचं. जवळ नेलं तर कडेला तडा जातो आणि वाद्य संपलं. भजनी मंडळाचा पखवाज वापरत असाल तर धुमीवर (डाव्या तोंडावर) लावलेली कणीक वाजवून झाल्यावर खरवडून काढा. राहिली तर रात्री उंदीर कणकेबरोबर पुडीही (कातडंही) कुरतडतात.

तुकडा कसा घ्यायचा

पहिला तुकडा गावच्याच बोलीतला आणि जवळच्या सणाचा असावा. पोळ्याला बैलांपुढं झडत्या, म्हणजे छोटी यमकी कवनं, म्हणण्याची रीत अजून जिवंत आहे. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांकडून झडत्या उतरवून घेतल्या तर वर्षभराचं साहित्य घरात येतं. नमुन्यादाखल हा साधा चार ओळींचा तुकडा:

बैल आले, घुंगरू वाजे
दारात उभी माय
पोया पाह्याले गाव जमला
तुमी येता काय?

प्रत्येक ओळ आठ मात्रांची, केरवा तालात. चाल भूप रागाच्या पाच सुरांत, म्हणजे म आणि नि नाहीतच:

बै ल आ ले । घुंग रू वा जे
सा सा रे रे । ग ग रे रे

दा रात उ भी । माय ऽ ऽ ऽ
ग ग प प । ग ऽ ऽ ऽ

पो या पाह्या ले । गा व जम ला
प प ध प । ग ग रे रे

तु मी ये ता । काय ऽ ऽ ऽ
ग रे सा रे । सा ऽ ऽ ऽ

ऽ ही खूण म्हणजे नवा शब्द नसलेली रिकामी मात्रा. एकूण ३२ मात्रा. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत हा तुकडा ३२ सेकंदांत होतो, ८० च्या लयीत २४ सेकंदांत. हे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढं कामाला येतात.

गाणं: पट्टी आणि रिकाम्या मात्रा

सगळ्यात जास्त बिघडतं ते पट्टीमुळं, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरला त्यामुळं. पुरुष शिक्षक आपल्या सोयीनं काळी एक (सप्तकातलं पहिलं काळं बटण) धरतो आणि खर्जाकडून गातो. मुलांना तो सा फार खाली पडतो. काही पोरं घशात गुरगुरतात, काही एक सप्तक वर उडी मारून ओरडतात आणि वर्गात दोन वेगळी गाणी सुरू होतात. ९ ते १२ वयाच्या मुलांसाठी काळी चार किंवा काळी पाच धरून बघा. कसोटी सोपी: तिसऱ्या ओळीतला ध गाताना मान वर जाते का आणि भुवया चढतात का. जात असतील तर पट्टी अर्ध्या सुरानं खाली. शेवटच्या ‘काय’चा सा पुटपुटल्यासारखा, हवेसारखा येत असेल तर अर्ध्या सुरानं वर. ठरलेली पट्टी पेटीवर खडूनं खूण करून ठेवा, दर वेळी नव्यानं शोधायची नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटतो. त्यांना पट्टी कुठलीच धड बसत नाही, ते लाजतात आणि वर्ग सोडतात. त्यांना या वर्षी ढोलक आणि खंजिरी द्या, गाणं खालच्या सप्तकात हलकेच म्हणू द्या. ‘तुझा आवाज गेला’ असं कोणी बोलू नये, शिक्षकानं तर नाहीच.

पेटी कमी वाजवा. पेटीवाल्या शिक्षकाला हे पटत नाही, पण मुलांच्या प्रत्येक सुराबरोबर पेटीचा सूर वाजला की मुलं पेटीच्या मागून चालतात, स्वतः शोधत नाहीत. पहिल्यांदा चाल ऐकवायला पेटी. नंतर फक्त सा आणि प धरून ठेवा, बाकी मुलांनी गावं. तिसऱ्या ओळीत कोणाचा ध खाली पडला ते तेव्हाच ऐकू येतं.

पहिल्या चार तासांत क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी नुसता सा, दहा आकड्यांपर्यंत लांबवून, आणि शब्द बोलून टाळीवर म्हणणं. दुसऱ्या दिवशी सा रे ग, ग रे सा, आणि पहिली ओळ. तिसऱ्या दिवशी प आणि ध, मग दुसरी-तिसरी ओळ. चौथ्या दिवशी चौथी ओळ आणि सगळं सलग. मुलं घाई करतात, पालकही विचारतात “गाणं कधी शिकवता?” तरी पहिल्या दिवशी चाल देऊ नका. शब्द ठेक्यावर पक्के नसताना चाल दिली की मुलं मात्रा गिळतात.

मात्रा कुठं गिळल्या जातात ते ठरलेलं आहे: दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या शेवटच्या तीन रिकाम्या मात्रा. ‘माय’ म्हणून झालं की मुलं श्वास घेतात आणि लगेच ‘पोया’ला भिडतात, आठाच्या जागी सहाच मात्रा होतात. ढोलकवाला बिचारा मागं राहतो आणि सगळे त्यालाच चुकलास म्हणतात. उपाय म्हणून रिकाम्या मात्रांना काम द्या. ‘माय’नंतर खंजिरीचे तीन ठोके, ‘काय’नंतर तीन टाळ्या. दोन दिवसांत जागा पक्की होते, मग ठोके काढून टाका.

लय पळते आहे का हे कानानं ओळखायला शिक्षकालाही अवघड जातं, कारण तोही मुलांबरोबर पळत असतो. मोबाइलचं घड्याळ लावा. ८० च्या लयीत पहिली फेरी २४ सेकंदांत झाली आणि सहावी १९ सेकंदांत, तर वाद्य थांबवा, ६० वर या आणि फक्त टाळीवर दोन फेऱ्या घ्या. ‘हळू, हळू’ असं ओरडून लय कधीच खाली येत नाही.

ढोलकाला केरव्याचा साधा ठेका बस्स: धा गे ना ती, न क धी न. नव्या हाताला तोही जड जात असेल तर पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर एकेक थाप.

नाच: पाऊल आधी, हात शेवटी

नाचाच्या वर्गात मुलं हातांकडे बघून शिकतात, म्हणून हात येतात आणि पाय राहतात. पहिले दोन तास हात कमरेवर बांधून ठेवा. सुरुवातीला ५ मिनिटं घोटे, गुडघे, कंबर फिरवणं आणि जागेवर चालणं. पाणी पिऊनच उभं करायचं, उपाशी पोराला उभं करायचं नाही. शाळेतून थेट आलेल्यांसाठी मूठभर फुटाणे किंवा मुरमुरे ठेवा. संध्याकाळी चक्कर येण्याचं कारण बहुतेक वेळा पोट रिकामं असणं हेच असतं.

रिंगणात पावलं अशी: पहिल्या ओळीत उजवीकडे चार पावलं चालत, चार जागेवर. दुसऱ्या ओळीत आत चार पावलं, ‘माय’वर थांबून रिकाम्या तीन मात्रांत अर्धी गिरकी. त्या गिरकीनं तोंड बाहेर होतं, तिसऱ्या ओळीत सरळ चार पावलं चाललं की मूल आपल्या जागेवर येतं, उरलेल्या चार मात्रा जागेवर. चौथ्या ओळीत ‘तुमी येता’ला हात पुढं, रिकाम्या मात्रांत उरलेली अर्धी गिरकी घेऊन पुन्हा आत तोंड. गाण्यातली जी जागा गिळली जात होती तीच गिरकीनं भरली, हे लक्षात घ्या. गाण्याचा शिक्षक तिथं ठोके देत असेल तर नाचाच्या शिक्षकानंही तिथंच हालचाल द्यावी. दोघांनी वेगळ्या जागी वजन दिलं की मुलं दोन्हीकडे चुकतात.

गिरकीत घोळ होतो तो दिशेवरून. निम्मी डावीकडे, निम्मी उजवीकडे आणि कोपराला कोपर. उजव्या मनगटाला लाल दोरा बांधा, ‘दोऱ्याकडं वळा’ एवढंच सांगा. लहान मुलांसमोर शिक्षक तोंड करून उभा राहिला तर त्याचं उजवं त्यांना डावं दिसतं, म्हणून शिकवताना रिंगणातच, त्यांच्यातला एक होऊन उभं राहावं.

घुंगरू पहिल्या महिन्यात नकोत. पाऊल चुकीच्या मात्रेवर पडलं तरी आवाज येतो आणि मुलांना वाटतं जमलं. नंतर प्रत्येक पायाला १०-१५ घुंगरांची साधी दोरी पुरे. कथ्थकच्या शंभर-शंभर घुंगरांच्या जोडीचा इथं उपयोग नाही.

सराव रेकॉर्डवर करू नका. गावात स्पीकर आला की त्यावर लग्नातलं गाणं लागतं आणि वर्ग संपतो, हे तर झालंच. शिवाय रेकॉर्ड मुलांसाठी थांबत नाही. बारा मुलं गातात, बारा नाचतात, मग अदलाबदल. नाचणाऱ्याला दम लागला तर गाणारा लय कमी करतो, हे ऐकणं म्हणजेच अर्धं शिक्षण.

गडचिरोलीचा रेला, यवतमाळकडचा ढेमसा, मेळघाटातला कोरकूंचा गदली-सुसून असे नाच घ्यायचे असतील तर त्या समाजातलीच जाणती माणसं बोलवा आणि त्यांना पाहुणे म्हणून नाही, शिक्षक म्हणून मानधन द्या. काय शिकवायचं आणि काय वर्गात आणायचं नाही हे त्यांनाच ठरवू द्या, काही गाणी-नाच ठरावीक सणालाच व्हायचे असतात. व्हिडिओ बघून बसवलेला आणि बाजारातली पिसं डोक्याला लावून केलेला ‘आदिवासी डान्स’ गॅदरिंगमध्ये टाळ्या घेतो. ज्या पोरांची आजी तो नाच खरा नाचते ती पोरं मात्र मागच्या रांगेत खाली बघत बसलेली असतात.

मुद्रा दुरुस्त करताना मुलांना हात लावायचा नाही, समोर करून दाखवायचं. वर्गात कायम दोन मोठी माणसं, त्यांतली एक बाई. सुटल्यावर अंधार पडत असेल तर मुली गटानं जातील आणि कोण कोणाबरोबर हे वहीत लिहिलेलं असेल. काही गैर घडल्याचं कळलं तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली (२०१२) ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘गावात मिटवू’ हा पर्याय नाही. मदतीचा क्रमांक १०९८ भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहा.

भाषा: चूक-बरोबर असे रकाने नकोत

भाषेच्या शिक्षकाची वर्गातली जागा सर्वांत अवघड असते, कारण त्याला शाळेचा वास येतो. त्यानं खडू हातात घेतला की पोरं पाठ ताठ करतात. त्याचं काम त्याच चार ओळींवर सुरू होतं.

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे ‘घरी’, उजवीकडे ‘पुस्तकात’. मुलांनी तुकड्यातले शब्द डावीकडून उजवीकडे न्यायचे: पोया म्हणजे पोळा, पाह्याले म्हणजे पाहायला, तुमी म्हणजे तुम्ही. मग घरातले आणखी: मले-मला, डोये-डोळे, पानी-पाणी, काहून-का, जाऊन राह्यला-जात आहे. थोड्या वेळात मुलांनाच नियम दिसतात. आपल्याकडे ‘ला’चं ‘ले’ होतं, ‘ळ’ची जागा ‘य’ घेतो, ‘ण’चा ‘न’ होतो. नियम त्यांनी सांगेपर्यंत थांबा. शिक्षकानं सांगितलेला नियम पाठ होतो, स्वतः सापडलेला परीक्षेच्या पेपरात हाताला आठवतो.

आता खरी गंमत. आख्खा तुकडा ‘पुस्तकात’च्या रकान्यातल्या भाषेत लिहायला सांगा आणि ठेक्यावर म्हणायला लावा. ‘दारात उभी आई’ असं लिहिलं की ‘माय’ आणि ‘काय’ यांचं यमक तुटतं. शेवटची ओळ ‘तुम्ही येता का?’ झाली की सुराला धरायला ‘काय’मधला य उरत नाही. ‘पोळा पाहायला’ म्हणताना पाह्याच्या एका मात्रेत ‘पाहा’ कोंबावं लागतं आणि जीभ अडते. मुलं हसतात, कारण गाणं लंगडतं. इथं मुलांना कळतं की बोली ही बिघडलेली मराठी नाही, तिचं स्वतःचं वजन आहे, आणि पेपरात मात्र उजवाच रकाना लिहायचा. दोन्ही गोष्टी एकाच वीस मिनिटांत बसतात. नुसतं ‘बोलीचा अभिमान बाळगा’ असं भाषण दिलं तर एकही बसत नाही.

वर्गात गोंडी, कोलामी, कोरकू किंवा बंजारा घरात बोलणारी मुलं असतील तर तिसरा रकाना काढा. शब्द त्यांनी सांगायचा, त्यांना ऐकू येतो तसा देवनागरीत लिहायचा आणि शिक्षकानं तो दुरुस्त करायचा नाही. या मुलांच्या मराठीतल्या चुका निष्काळजीपणाच्या नसतात, हे शिक्षकाला माहीत हवं. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या भाषा आहेत, तिथं पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे अशी लिंगांची वाटणी असते. त्या घरातून आलेलं लेकरू ‘बाई आलं’ म्हणतं तेव्हा ते आपल्या भाषेच्या नियमानं अगदी बरोबर चाललेलं असतं. कोरकू मुंडा कुळातली, तिथं सजीव-निर्जीव हा भेद मोठा आणि दोघांसाठी वेगळं द्विवचनही आहे. अशा मुलांना तो-ती-तेचा तक्ता पाठ करायला लावू नका. प्रत्येक नवा शब्द सुटा न देता ‘तो बैल’, ‘ती माय’, ‘ते घुंगरू’ असा जोडीनंच द्या आणि जोडीनंच टाळीवर म्हणवून घ्या. दोन महिन्यांत फरक दिसतो.

एक सोपी गोष्टही हाताशी आहे. मराठीतल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक, म्हणजे ऐकणारा धरून की सोडून, गोंडी आणि कोरकूतही आहे. जिथं भाषा जुळतात तिथून सुरुवात केली की मूल बोलायला लागतं.

दीड तासाची वाटणी

पहिली १० मिनिटं सगळे एकत्र: हजेरी, पाणी, लांब सा. मग २० मिनिटं भाषा, सगळ्यांची मिळून. त्यानंतर १२-१२ चे दोन गट, २५ मिनिटं एक गट गाण्याला आणि दुसरा नाचाला, पुढची २५ मिनिटं अदलाबदल. शेवटची १० मिनिटं तुकडा पूर्ण, निम्मे गाणारे आणि निम्मे नाचणारे. भाषा मुद्दाम पुढं घेतली आहे. शेवटी ठेवली तर घामाघूम पोरं वहीवर डोकं ठेवतात आणि घरून हाका यायला लागतात. नाच गाण्याच्या आधी आलेल्या गटाला मधे दोन मिनिटं बसू द्या, धापा टाकत सा लागत नाही.

तिघा शिक्षकांची वही एकच. दर वर्गानंतर तिघांनी तीन ओळी लिहायच्या: आज काय झालं, कुठं अडलं, पुढच्याला काय सांगायचं. ‘तिसऱ्या ओळीत गाव-जमला धावतं’ असं गाण्याच्या शिक्षकानं लिहिलं की नाचाचा शिक्षक त्या जागी पाऊल हलकं करतो. महिन्यातून एकदा अर्धा तास बसून पुढचा तुकडा ठरवा. वही भरली जात नाही तिथं महिन्याभरात पुन्हा तीन वेगळे वर्ग सुरू होतात.

शास्त्रीय परीक्षेची घाई नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसायची इच्छा असणाऱ्या मुलांना दुसऱ्या वर्षापासून वेगळा अर्धा तास द्या. दहावीला सवलतीच्या गुणांसाठी पालक विचारतात, त्याचे नियम बदलत असतात, म्हणून शाळेतून चालू वर्षाचं परिपत्रक आणून त्यांच्या हातात द्या आणि विषय संपवा.

दाखवायचं तेव्हा

पहिला कार्यक्रम पोळ्याच्या किंवा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, १५ मिनिटांचा, मंच न बांधता, जिथं बैल किंवा लाकडी नंदी जमतात तिथंच. तीन फेऱ्या गाणं, तीन फेऱ्या नाच, आणि एक मूल दोन रकाने वाचून दाखवतं. माइक एकच, तो गाणाऱ्यांच्या अर्धगोलात मधोमध, मुलांच्या छातीच्या उंचीवर. प्रत्येकाच्या तोंडाशी माइक फिरवला की सूर एकेकाचा वेगळा ऐकू येतो आणि मुलं घाबरतात. लोकांसमोर पोरांची लय हमखास चढते, म्हणून सुरुवात ७० नं करा, ८० पर्यंत ती आपोआप जाते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही, आणि भाषणं आधी ठेवली तर मुलांची पाळी दहानंतरच येते. भाषणं शेवटी.

फोटो-व्हिडिओ टाकण्याआधी पालकांची परवानगी घ्या, प्रवेशाच्या कागदावरच त्याची एक ओळ असू द्या.

वर्ग उन्हाळ्यासाठी बंद करताना पेटी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. लाकूड सुकून जोड उकलतात, भात्यातून हवा सुटते आणि जुलैत पेटी फुसफुसते. भाता मिटवून खुंट्या दाबून, सुती कापडात गुंडाळून मातीच्या किंवा जाड भिंतींच्या घरात, जमिनीपासून वर, पाटावर ठेवा. सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला, झुरळं भात्याच्या कातड्याला लागतात. ढोलकाच्या कड्या सैल करा. कोणाच्या घरी काय ठेवलं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि त्या घरच्या माणसाची सही घ्या.